जुळणीचा कागद

सन १९९६ नंतरच्या दहा वर्षांत ज्याने ज्याने अपाची नावाचा वेब-सर्व्हर स्वतःच्या हाताने उभा केला, आणि दाराशी आलेल्याचे नाव व परवलीचा शब्द मायएसक्यूएलच्या डेटाबेसशी ताडून पाहूनच त्याला आत सोडावे असा बंदोबस्त करण्याचे मनावर घेतले, त्याच्या हाती पहिल्याने एक कागद पडत असे. कागद म्हणजे अर्थात मजकुराची एक लहानशी फाइल. तिचे नाव कधी 'रीडमी', तर कधी 'इन्स्टॉल'. ज्या मॉड्यूलबरोबर ती येई ते मॉड्यूल पुष्कळदा सी भाषेतील एकाच फाइलीत मावलेले असे आणि त्याचे काम सांगायला एक वाक्य पुरेसे होई. परंतु तेच मॉड्यूल आपल्या यंत्रावर जुळवून सर्व्हरच्या पोटात बसवायचे कसे हे सांगण्याची वेळ आली म्हणजे त्या कागदाची भाषा अडखळू लागे, वाक्यावाक्याला 'जर' आणि 'अन्यथा' यांचे फाटे फुटत, आणि वाचणारा शेवटास पोहोचेपर्यंत आरंभी आपण कोणत्या फाट्याने आलो याचे त्याला विस्मरण होई. पुढे हाच कागद आखूड होत होत एका ओळीवर आला. तो आखूड कसा झाला आणि त्यातून गळलेला मजकूर गेला कोठे, याची हकीकत मला त्या क्षेत्रातील कित्येक गाजलेल्या शोधांच्या हकीकतींहून अधिक उद्बोधक वाटते. कारण तो मजकूर नष्ट झालेला नाही, तो फक्त वाचकाच्या शिरावरून उतरून दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर गेला आहे.

परवलीच्या शब्दाची चाल संगणकात आली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात. फर्नांदो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी सीटीएसएस ही प्रणाली तेथे रचली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले. यंत्र सामायिक झाले तेव्हा प्रत्येकाचे कागदपत्र वेगळे राखण्याची आणि प्रत्येकाने किती वेळ वापरला याचा हिशेब ठेवण्याची निकड ओघानेच उत्पन्न झाली, आणि त्या निकडीतून प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यात आला. सर्वांचे गुप्त शब्द मात्र एकाच फाइलीत, उघड्या अक्षरांत लिहिलेले होते. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याला आलेला यंत्राचा वेळ अपुरा वाटू लागला, तेव्हा १९६२ साली त्याने ती फाइल छापून मिळावी अशी मागणी पंच केलेल्या कार्डावरून रीतसर यंत्राकडे दाखल केली, आणि यंत्राने ती तितक्याच रीतसर छापूनही दिली. १९६६ मध्ये तर दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल होऊन, दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्व सहकाऱ्यांच्या गुप्त शब्दांची यादीच वाचावयास मिळाली. दफ्तर आणि द्वारपाल यांचा संबंध किती नाजूक आहे हे त्या व्यवसायाला असे प्रारंभीच कळून चुकले होते.

बेल प्रयोगशाळेतील युनिक्सकर्त्यांनी यावर जो उपाय योजला तो आजही मूलतः तोच आहे: गुप्त शब्द लिहून ठेवायचाच नाही, त्याचे उलटे न फिरविता येणारे रूपांतर तेवढे लिहून ठेवायचे, आणि आगंतुकाने उच्चारलेल्या शब्दाचे तेच रूपांतर करून दोन्हींची तुलना करायची. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या उपायाची कैफियत इतक्या मोकळेपणाने मांडली आहे की, स्वतःच्या पहिल्या युक्तीतील उणिवाही त्यांनी वाचकापासून लपविल्या नाहीत. प्रथम त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील एका सांकेतिक यंत्राचे अनुकरण करणारी कृती वापरली होती. ती फार जलद चालते, आणि म्हणून शब्दकोशातील शब्द एकामागून एक लावून पाहणाऱ्या चोराच्याच पथ्यावर पडते, असे दिसून आल्यावर त्यांनी डीईएस ही सांकेतिक पद्धती थोडी पालटून घेतली, ती मुद्दाम २५ वेळा चालविली, आणि प्रत्येक शब्दात ४०९६ प्रकारांपैकी एका प्रकारचे 'मीठ' मिसळण्याची तजवीज केली. द्वारपालाने मुद्दाम सावकाश असावे ही कल्पना तेव्हापासून या शास्त्रात रूढ झाली.

वेबच्या जन्मानंतर हा सारा पूर्वसंचित अनुभव काही काळ बाजूला पडला. वेबच्या करारात 'बेसिक' म्हणून जी ओळखीची पद्धत १९९६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात नोंदली गेली, तिच्यात सर्व्हर प्रथम ४०१ क्रमांकाचा नकार धाडतो, आणि मग ब्राउझर नाव व गुप्त शब्द एकत्र करून, त्यांना बेस६४ या लिपीचा वेष चढवून परत पाठवितो. हे वेषांतर कोणालाही क्षणात उतरविता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या करारात सर्व्हरला मागचे काही स्मरत नाही. म्हणून एका पानावर दहा चित्रे असली तर ते पान आणि ती दहा चित्रे अशा अकरा मागण्यांसाठी अकरा वेळा तीच ओळख पटविली जाते. ज्या फाइलीत नावे लिहिलेली असत ती साध्या मजकुराची फाइल असे आणि प्रत्येक मागणीला ती पहिल्या ओळीपासून वाचली जाई. शंभर माणसांची संस्था असेतोवर याचे काही वाटत नसे. सभासद हजारोंच्या संख्येने वाढले की सर्व्हर आपला बराचसा वेळ नावे वाचण्यातच घालवू लागे.

हा सर्व्हर म्हणजे प्रथम इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला एचटीटीपीडी होय. १९९४ च्या मध्यास मॅकूल तेथून निघून गेले आणि त्यांचा सर्व्हर पोरका झाला. तो वापरणारे वेबमास्तर आपापल्या पुरत्या दुरुस्त्या करून एकमेकांना पाठवू लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांतील आठ जणांनी या दुरुस्त्या एकत्र गोळा करण्याचे ठरविले, त्यातून अपाची मंडळी उभी राहिली. त्याच वर्षी रॉबर्ट थाउ यांनी सर्व्हरची रचना मुळापासून नव्याने मांडली, ती १ डिसेंबर १९९५ रोजी आवृत्ती १.० म्हणून बाहेर पडली, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत नेटक्राफ्टच्या पाहणीत हा सर्व्हर पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. थाउ यांच्या रचनेचा विशेष हा की, मागणी आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचे काम निरनिराळ्या टप्प्यांत विभागलेले होते आणि प्रत्येक टप्प्यावर परक्या कारागिराने लिहिलेले मॉड्यूल येऊन बसू शकत होते. आलेला मनुष्य खरोखर तोच आहे काय, आणि असल्यास त्याला येथे येण्याची मुभा आहे काय, हे दोन प्रश्न रचनेनेच वेगळे ठेवले होते. मूळ सर्व्हरच्या अंतःकरणाला हात न लावता द्वारपाल बदलता यावा ही सोय या विभागणीमुळेच झाली. आणि मला वाटते, अपाचीच्या दिग्विजयाची कारणे शोधताना त्याच्या फुकट मिळण्यावर जितका भर दिला जातो तितका या विभागणीवर दिला जात नाही, हे योग्य नव्हे.

मग द्वारपाल बदलण्याची जणू लाटच आली. प्रथम डीबीएम या प्रकारच्या फाइली आल्या, ज्यांत नाव थेट सापडते. १९९६ च्या आवृत्ती १.१ मध्ये एमएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारे मॉड्यूल आले; हा लहानसा डेटाबेस ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ह्यूज यांनी रचला होता. स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस आणि त्यांचे भागीदार यांना तो आपल्या कामासाठी पुरेसा जलद वाटेना, म्हणून त्यांनी १९९५ मध्ये मायएसक्यूएल सिद्ध केला आणि त्याच्याशी बोलण्याची रीत जाणूनबुजून जवळजवळ एमएसक्यूएलसारखीच ठेवली, जेणेकरून एकासाठी लिहिलेली साधने दुसऱ्याकडे सहज वळविता यावीत. तेव्हा मायएसक्यूएलसाठी ओळख-मॉड्यूल निपजणे अपरिहार्यच होते. त्यांपैकी एक झीव सुरास्की यांनी लिहिले. हेच सुरास्की पुढे आंदी गुटमान्स यांच्यासह पीएचपी भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीचे कर्ते म्हणून ख्यातनाम झाले. सभासदांची यादी एका कोष्टकात, एका स्तंभात नाव, दुसऱ्यात गुप्त शब्दाचे रूपांतर, हवे असल्यास तिसऱ्यात गट, असा तो साधा मामला. सभासदाने वर्गणी भरली की कार्यालयाने एक नोंद टाकावी आणि सर्व्हरने त्या क्षणापासून त्याला आत घ्यावे, ही सोय ज्या ग्रंथालयाला किंवा नियतकालिकाला लाभली त्याने साध्या फाइलींकडे पुन्हा वळून पाहिले नसेल.

आता जुळणीकडे वळतो, कारण कागदाचे खरे दुखणे तेथे आहे. युनिक्सच्या जगात कार्यक्रम मूळ लिखाणाच्या रूपात वाटला जाई आणि तो बांधून घेणे हे घेणाऱ्याचे काम असे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले त्याचे निमित्त मोठे मार्मिक आहे: स्टीव्ह जॉन्सन नावाचे सहकारी एक पूर्णपणे शुद्ध केलेला कार्यक्रम सकाळभर तपासत बसले होते, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा भाषांतरित करायचेच राहून गेले होते. मेकने हे ध्यानात ठेवण्याचे काम माणसाकडून काढून घेतले. या साधनाच्या फाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅब लागतो, नुसत्या रिकाम्या जागा चालत नाहीत. ही विक्षिप्त अट काढून टाकावी असे फेल्डमन यांच्या मनात आले तेव्हा त्यांचे डझनभर वापरकर्ते झालेले होते आणि त्यांना त्रास देणे त्यांच्या जिवावर आले. त्या डझनभरांच्या सौजन्यापोटी पुढील पिढ्यांतील किती नवशिक्यांनी आपल्या रात्री घालविल्या याची मोजदाद कोणी करू नये हेच बरे.

मेकला यंत्रायंत्रांतील भेद ठाऊक नव्हते. सोलारिस, आयरिक्स, एचपी-यूएक्स, एआयएक्स, फ्रीबीएसडी, लिनक्स अशी भावंडे एकाच घराण्यातली असून प्रत्येकाचे घरगुती शिरस्ते निराळे; जे फंक्शन एकाकडे मूळ लायब्ररीत सापडते ते दुसऱ्याकडे वेगळ्या ठिकाणी. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी जीएनूच्या साधनांसाठी ऑटोकॉन्फ हे काम हाती घेतले. त्याने निपजलेली 'कॉन्फिगर' नावाची पटकथा प्रत्येक यंत्रावर लहान लहान प्रयोग करून, ते बांधले जातात की नाही हे पाहून, तेथील परिस्थितीचा अंदाज घेई. त्यातून 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' ही त्रिपदी जन्मास आली आणि जीएनूने ती समजावणारा एक ठराविक 'इन्स्टॉल' कागद तयार करून ठेवला, जो शेकडो संचांत जसाच्या तसा नकलून घालण्यात येऊ लागला. प्रत्येक घरात तोच कागद असल्यामुळे तो कोणी वाचीनासा झाला; विशिष्ट घराची विशिष्ट अडचण त्यात कधीच लिहिलेली नसे.

आमचे द्वारपाल-मॉड्यूल या त्रिपदीत बसत नव्हते, कारण ते स्वतंत्र घर नव्हते; त्याला दोन परक्या घरांच्या मधल्या भिंतीत बसायचे होते. अपाचीच्या १.२ आवृत्तीच्या काळचा कागद काय सांगे ते पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. मॉड्यूलची फाइल सर्व्हरच्या मूळ लिखाणाच्या निर्देशिकेत नेऊन ठेवावी. तेथील 'कॉन्फिगरेशन' नावाची फाइल उघडून तीत मॉड्यूलच्या नावाची ओळ घालावी, आणि ती योग्य जागी घालावी, कारण यादीत जो मागून येतो त्याचा अधिकार आधीच्याहून वरचढ ठरतो. मग त्याच फाइलीत मायएसक्यूएलच्या शीर्षक-फाइली आणि ग्राहक-लायब्ररी कोठे आहेत ते लिहावे. हे 'कोठे' लिहिणेच सर्वांत कठीण, कारण मायएसक्यूएल मूळ लिखाणावरून बांधला असेल तर त्याचा मुक्काम एकीकडे, तयार बांधलेला संच उतरविला असेल तर दुसरीकडे, आणि रेड हॅटच्या पद्धतीच्या पॅकेजमधून आला असेल तर तिसरीकडेच. सोलारिसवर सॉकेटच्या दोन जादा लायब्ररी जोडाव्या. काही ठिकाणी संक्षेपणाची झेडलिब ही लायब्ररीही लागे. इतके करून संपूर्ण सर्व्हर नव्याने बांधावा, चालू असलेला बंद करावा, नवा उभा करावा. आणि तो उभा राहताना ग्राहक-लायब्ररी सापडली नाही म्हणून जागच्या जागी कोसळावा, ही शक्यता शेवटच्या पायरीपर्यंत शिल्लक असे. कारण बांधताना लायब्ररी सापडणे आणि चालताना ती सापडणे या दोन गोष्टी युनिक्समध्ये निरनिराळ्या आहेत. तो कागद लिहिणाऱ्याला शैलीचा दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्या वाक्यांत दिसणारा गोंधळ त्याच्या डोक्यातला नव्हता. दोन घरांत कोणताही तहनामा झालेला नव्हता, आणि तो होईपर्यंत त्याला प्रत्येक सीमातंटा वाचकापुढे कलमवार मांडणे भाग होते.

तह झाले ते हळूहळू. जून १९९८ मध्ये अपाची १.३ आली तेव्हा मॉड्यूल सर्व्हर चालू करताना बाहेरून आणून जोडता येण्याची सोय तीत होती, आणि राल्फ एंगेलशाल यांनी एपीएक्सएस हे साधन दिले होते. सर्व्हर ज्या रीतीने, ज्या भाषांतरकाने, ज्या पर्यायांनी बांधला गेला त्या साऱ्याची नोंद या साधनापाशी असे; त्याला मॉड्यूलची फाइल देऊन बांध, बसव आणि सर्व्हरच्या जाबत्यात त्याची ओळ नोंदव असे एका हुकुमात सांगता येई. मायएसक्यूएलनेही तिसऱ्या आवृत्तीच्या उत्तरकाळात 'मायएसक्यूएल कॉन्फिग' ही इवलीशी पटकथा आपल्या संचात घातली. तुमचा मुक्काम कोठे, तुमच्या शीर्षक-फाइली कोठे, तुमच्या सोबत आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, असे तिला विचारले की ती बिनचूक उत्तर देते. या दोन साधनांनी कागदाची पाऊण लांबी एका फटक्यात कमी झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणीही कागदाचे गद्य सुधारले नव्हते. प्रत्येक घराने आपला पत्ता आपणच सांगण्याची जबाबदारी पत्करली होती. सूचना सोप्या करण्याचे जे प्रयत्न केवळ शब्दांवर हात फिरवून झाले ते सारे फसले असे माझे मत आहे. बाह्य जगातील एखादी शंका नाहीशी केल्यावाचून कागदातील 'जर' खोडता येत नाही.

तरीही नव्या शंका उत्पन्न होतच होत्या. ज्यांचा सर्व्हर मॉड्यूल बाहेरून जोडण्याच्या सोयीवाचून बांधलेला असे त्यांना एपीएक्सएसचा काही उपयोग नसे. लिनक्सच्या वितरणांनी हे साधन विकसकांच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवल्यामुळे ते पुष्कळांना यंत्रावर सापडतही नसे. पीएचपी ४ आपल्याबरोबर मायएसक्यूएलच्या ग्राहक-लायब्ररीची स्वतःची एक प्रत घेऊन येई, आणि एकाच सर्व्हरच्या पोटात पीएचपीची एक प्रत व ओळख-मॉड्यूलची दुसरी, अशा दोन निरनिराळ्या वयाच्या सवती नांदू लागल्या की सर्व्हर कोणतेही कारण न देता कोसळे. पीएचपीच्या पुस्तिकेत याविषयी इशारा होता आणि त्यात ओळख-मॉड्यूलचा नामनिर्देशही होता. २००२ मध्ये अपाचीची दुसरी आवृत्ती आली तिने मॉड्यूलांशी बोलण्याची रीतच पालटली, शिवाय एका प्रक्रियेत अनेक धागे चालविण्याची मुभा दिली, तेव्हा ग्राहक-लायब्ररीचीही धाग्यांना निर्धोक अशी वेगळी प्रत शोधावी लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये मायएसक्यूएल ४.१ ने आपल्या 'पासवर्ड' या फंक्शनचे उत्तर १६ अक्षरांवरून ४१ अक्षरांवर नेले. ज्यांनी हे फंक्शन स्वतःच्या सभासदांच्या कोष्टकासाठी वापरले होते त्यांच्या जुन्या नोंदी नव्या शब्दांशी जुळेनात. ते फंक्शन डेटाबेसच्या स्वतःच्या कारभारासाठी आहे, इतरांनी त्यावर विसंबू नये, असे पुस्तिका सांगत होती. पण पुस्तिका कोण वाचतो?

डिसेंबर २००५ मधील अपाची २.२ ने ओळखीची सारी व्यवस्था पुन्हा विभागली. गुप्त शब्द कसा मागायचा हे एक काम, तो कोठे ताडून पाहायचा हे दुसरे. आणि दुसऱ्या कामासाठी कोणत्याही डेटाबेसशी बोलणारे एक सर्वसाधारण मॉड्यूल सर्व्हरबरोबरच देण्यात आले. प्रश्न कोणता विचारायचा ती एसक्यूएलची ओळ तेवढी व्यवस्थापकाने लिहायची. जुने मॉड्यूल वापरीत राहिलेल्यांना मात्र आता सर्व्हरच्या स्वतःच्या द्वारपालास 'तुझा शब्द अखेरचा नव्हे' असे स्पष्ट बजावणारी ओळ लिहावी लागे, आणि कित्येकांना नावांची फाइल म्हणून युनिक्समधील 'डेव्ह नल' या शून्याकडे बोट दाखवावे लागे. नव्या कागदांत ही ओळ कारणावाचून येते. तिच्यामागची विभागणी ठाऊक नसलेल्याला ती निव्वळ मंत्र वाटते.

या नव्या व्यवस्थेलाही एक विलक्षण अडसर होता, आणि तो यंत्राचा नसून कायद्याचा होता. मायएसक्यूएलची ग्राहक-लायब्ररी पूर्वी एलजीपीएल या सैल परवान्याखाली होती. चौथ्या आवृत्तीपासून ती जीपीएलखाली गेली. जीपीएलचा आग्रह असा की, त्याच्याशी जोडलेले काम वाटायचे तर तेही त्याच परवान्याने वाटावे. अपाची मंडळींचा परवाना निराळा. म्हणून निक क्यू यांनी लिहिलेला मायएसक्यूएलचा दुवा अपाचीच्या एपीआर-युटिल या संचात घालता येईना. संचात 'इन्स्टॉल डॉट मायएसक्यूएल' नावाचा स्वतंत्र कागद ठेवण्यात आला: दुव्याची फाइल त्या लेखकाच्या ठिकाणाहून वेगळी उतरवून घ्या, अमुक निर्देशिकेत ठेवा, जुळणीची पटकथा पुन्हा निर्माण करा, मग कॉन्फिगर करा. मायएसक्यूएलने २००४ मध्ये मुक्त परवान्यांच्या इतर कामांसाठी एक अपवाद जाहीर केला, आणि पुढे एपीआर-युटिलच्या १.३ आवृत्तीत तो दुवा मूळ संचात समाविष्ट झाला. त्याबरोबर तो कागद निरुपयोगी ठरला. चार पायऱ्यांची ती कृती एकाही ओळीचे तांत्रिक संशोधन न होता लोपली. वकिलांनी सोप्या केलेल्या सूचनांचा असा दुसरा दाखला मला तरी आठवत नाही.

सामान्य व्यवस्थापकापुरता कागद तोपर्यंत आणखी एका वाटेने संपुष्टात आला होता. डेबियन आणि रेड हॅट यांच्यासारख्या वितरणांनी हे मॉड्यूल आधीच बांधून आपल्या भांडारात ठेवले. डेबियनमध्ये एका आज्ञेने ते उतरे, दुसऱ्या आज्ञेने कामास लागे. पूर्वी ज्या शंका हजार व्यवस्थापकांनी हजार ठिकाणी सोडविल्या त्या आता एका पॅकेजकाराने एकदा सोडवायच्या. याचा लाभ निर्विवाद आहे. २००८ साली असे आढळले की, काही बहुबाइटी लिप्यांत नाव लिहून धाडले असता या मॉड्यूलची अवतरणचिन्हे निष्प्रभ करण्याची युक्ती चकते आणि आगंतुक आपलीच एसक्यूएल आज्ञा डेटाबेसकडून वदवून घेऊ शकतो. द्वारपालाला नाव विचारता विचारता आलेल्यानेच त्याला हुकूम द्यावा असा तो प्रकार. ज्यांनी पॅकेज घेतले होते त्यांना दुरुस्ती नेहमीच्या ओघात मिळाली. ज्यांनी स्वहस्ते बांधले होते त्यांना आपण कोणत्या पर्यायांनी बांधले ते आठवून पुन्हा सारी कृती करावी लागली, आणि त्यांतील काहींनी ती केलीच नसणार असे मानायला मनुष्यस्वभावाचा आधार आहे.

पण वाचकाच्या शिरावरून उतरलेला भार पॅकेजकाराच्या आणि जुळणीच्या पटकथांच्या शिरावर गेला तेव्हा विश्वासही तिकडेच गेला. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात ही धास्ती नेमकी द्वारपालाच्याच उदाहरणाने मांडली होती: भाषांतरकालाच असे शिकवून ठेवायचे की तो 'लॉगिन' हा कार्यक्रम ओळखील आणि बांधताना त्यात एक चोरदार घालील, मूळ लिखाण कितीही वाचा, त्यात ते दिसणार नाही. चाळीस वर्षांनी त्याच जातीचा प्रयोग प्रत्यक्षात झाला. एक्सझेड या संक्षेपणाच्या संचाची देखभाल करण्यात शिरकाव करून घेतलेल्या, जिआ तान हे नाव धारण करणाऱ्या कोणी इसमाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक घात पेरला. तो पेटविणारी कळ सार्वजनिक मूळ लिखाणात नव्हतीच. वाटपासाठी गुंडाळलेल्या संचातील जुळणीच्या पटकथांत, म्हणजे ऑटोकॉन्फच्या त्या जगड्व्याळ आणि कोणीही न वाचलेल्या मजकुरात, ती दडविलेली होती. बांधणी लिनक्सवर आणि डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीच्या पॅकेजसाठी चालली आहे काय हे ती प्रथम पाही, आणि तसे असेल तरच जागी होई. अनेक वितरणांत दूरवरून यंत्रात शिरू देणारा एसएसएचचा सर्व्हर आडमार्गाने या लायब्ररीशी जोडलेला असल्यामुळे, विशिष्ट किल्ली बाळगणाऱ्याला द्वारपालाच्या नकळत आत येऊन आज्ञा चालविता आल्या असत्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक कर्ते आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही वेगमापन करीत असता त्यांना एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते जुळणीच्या पटकथेपर्यंत जाऊन पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारी हकीकत जाहीर केली. वितरणांनी घाईने जुनी आवृत्ती परत बसविली; परंतु पॅकेजांच्या भांडाराच्या शिरस्त्याप्रमाणे आवृत्तीचा क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून डेबियनच्या दफ्तरात त्या परतीच्या पॅकेजची नोंद '५.६.१+रियली५.४.५-१' अशी झाली.